तंबूतले तेवीस अंश

आमच्या नाचणगावात काही पोरं सध्या मला 'तेवीस' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. मी सायकलवरून पुढं गेलो की मागून म्हणतात आणि मी वळून पाहिलं की सगळी वडाच्या झाडाकडं पाहत उभी राहतात. तहसील कार्यालयात बत्तीस वर्षं कारकुनी केली, पण तिथं मला कुणी टोपणनाव दिलं नाही. म्हणजे दिलं असेल, माझ्यापर्यंत आलं नाही. हे मात्र आलं आणि ते कसं आलं हे इतरांच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलानं मागच्या थंडीत मोबाइलवर काही फोटो पाठवले. जैसलमेरच्या पुढं वाळवंटात पांढरेशुभ्र तंबू, तंबूत लाकडी पलंग, पलंगावर टॉवेलचा घडी घालून केलेला हंस, आणि बाहेर पितळी घंगाळ्यात गुलाबाच्या पाकळ्या. आईबाबांसाठी दोन रात्रींचं बुकिंग केलं, म्हणाला. याला ग्लॅम्पिंग म्हणतात. मी म्हटलं, बाप्पा, याला तंबू म्हणतात. माझा आणि तंबूचा संबंध बिछायत केंद्रापुरता. लाल-पिवळ्या पट्ट्यांचं कापड, बांबूला बांधलेली ट्यूबलाइट आणि जेवणाच्या पंगतीत खांबाला पाय अडकून पडणारा एक तरी मामा. अशा ठिकाणी राहायला एवढ्या लांब कशाला जायचं, हे मला कळेना.

पण बायकोनं फोटो पाहिले आणि ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं दोन प्रकारचं असतं. हा दुसरा प्रकार होता.

ती आर्वीच्या वाटेवरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते. पंचवीस-तीस वर्षं सहावीला भूगोल तिच्याकडंच. वाळवंटाचा धडा आला की फळ्यावर उंट काढायचा (तिचा उंट म्हशीसारखा दिसतो, हे मी एकदाच बोललो), वाळूच्या टेकड्या काढायच्या आणि सांगायचं, की वाळू लवकर तापते, लवकर निवते, म्हणून वाळवंटात दिवस उष्ण आणि रात्री थंड. पोरं लिहून घेतात, परीक्षेत लिहितात, पुढच्या वर्गात जातात. त्या वर्षी मात्र पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि सरळ विचारती झाली, "मॅडम, तुमी पाह्यलं काय?"

बायकोनं तिला सांगितलं, नाही पाहिलं. मुलगी खाली बसली. तिनं काही वाईट अर्थानं विचारलं नव्हतं. तिच्या घरची माणसं जंगलात जाणारी, मोह वेचणारी. कुठल्या झाडाखाली सकाळी गार असतं आणि कुठल्या दगडावर दुपारी पाय ठेवता येत नाही, हे तिला पाहून माहीत. न पाहता सांगणारं माणूस तिला नवीन होतं, एवढंच. पण बायको त्या दिवशी घरी आली ती भाजी चिरता चिरता तीनदा म्हणाली, "खरंच, मी तर पाह्यलंच नाई."

म्हणून ती जाणार होती. पलंगासाठी नाही, हंसासाठी नाही. शाळेच्या विज्ञानाच्या कपाटातला काचेचा तापमापक तिनं रजिस्टरवर सही करून घेतला, रुमालात गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घातला आणि त्या मुलीला सांगून टाकलं, की दुपारची वाळू मोजणार, सूर्य उगवायच्या आधी टेकडीवरची वाळू मोजणार आणि दोन्ही आकडे आणून फळ्यावर लिहिणार. सगळ्या वर्गासमोर सांगितलं. शिक्षकानं वर्गासमोर सांगितलेली गोष्ट म्हणजे तहसीलदारांनी सही केलेल्या कागदासारखी असते, फिरवता येत नाही.

आता माझ्याकडं येतो.

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला कशाचा गर्व नसतो, उन्हाचा असतो. मे महिन्यात आमच्याकडं दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडायला संध्याकाळची वाट पाहतं. पाहुणे पुण्या-मुंबईचे असले की आम्ही त्यांना मुद्दाम बारा वाजता अंगणात उभं करतो आणि "हे तं काहीच नाई" असं म्हणतो. डोक्याला दुपट्टा बांधायचा, खिशात कांदा ठेवायचा, म्हणजे लू, उन्हाची ती झळ, लागत नाही. कांदा ऊन शोषून घेतो असं माझे आजोबा सांगत, आणि संध्याकाळी तो कांदा फेकून द्यायचा असतो. या एका बाबतीत मी वाळवंटाला आपल्या बरोबरीचंही मानत नव्हतो. ती पॅकिंग करत असताना मी तिला म्हटलं, की वाळवंटाला घाबरायला आपण काय कोकणातले आहोत?

ती म्हणाली, "जानेवारी आहे. तिकडे लय थंडी राहते."

मी म्हटलं, वाळवंट आहे ते. वाळवंटात थंडी असती तर उंट कशाला ठेवले असते, मेंढ्या ठेवल्या असत्या. (तिथं मेंढ्याही असतात, हे नंतर समजलं.)

तिनं माझ्याकडं दुर्लक्ष करून गरम कपड्यांची एक वेगळी थैली भरली. दोन शाली, माझा बिनबाह्यांचा स्वेटर, दोन कानटोप्या आणि तिचा तो मरून रंगाचा स्वेटर, जो तिनं नोकरीच्या पहिल्या वर्षी मधल्या सुट्टीत बसून विणला होता. हे सगळं तिनं ज्या थैलीत भरलं ती कापसाच्या बियाण्याची थैली होती. पांढरी, जाड, त्यावर हे एवढं मोठं हिरवं बोंड छापलेलं. डांबराच्या गोळ्यांचा वास मारत होती. मी ती थैली पाहिली, मग मोबाइलवरचे ते फोटो पाहिले, जिथं पाहुण्यांच्या चामडी बॅगा पगडीवाला माणूस उचलून नेतोय. आणि त्या पगडीवाल्याच्या खांद्यावर मला आमचं बोंड दिसलं.

निघायच्या सकाळी ऑटो दारात उभा, बायको तुळशीला पाणी घालतेय, आणि मी ती थैली पायानं हळूच दिवाणाखाली सरकवली. विसरलो नाही. सरकवली. आणि माझ्या हँडबॅगेत दोन चांगले कांदे टाकले.

पुलगावहून एक गाडी, मग दुसरी गाडी, मग जीप. पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि ऊन चांगलं कडक होतं. मी बायकोकडं असं पाहिलं, की काय म्हटलं होतं मी? रिसॉर्टचा मॅनेजर चाळिशीचा, मिशा वर वळवलेल्या, बोलणं तुपातलं. तो प्रत्येक वाक्याला 'हुकुम', म्हणजे त्यांच्याकडचं 'मालक', म्हणत होता. मला आयुष्यात साहेबांनी हुकूम दिले, मला हुकुम कुणी म्हटलं नव्हतं, त्यामुळं मी ताठ झालो. त्यानं टिळा लावायला हात पुढं केला, मी वाकलो आणि कुर्त्याच्या खिशात काढून ठेवलेला कांदा घरंगळत त्यांच्या लाल गालिच्यावर गेला. स्वागताला उभ्या ढोलवाल्यानं ढोल थांबवला. मॅनेजरनं तो कांदा उचलला, बाहीनं पुसला आणि दोन्ही हातांनी मला परत केला, जणू मी त्यांच्याकडं काही मौल्यवान जमा करत होतो.

बायकोनं तंबूही पाहिला नाही. हातपाय धुतले आणि तापमापक घेऊन मागच्या टेकडीच्या पायथ्याशी गेली. आमच्याकडं वाळूला रेती म्हणतात आणि ती नदीतून येते, ओली असते. ही रेती कोरडी, बारीक, पीठ चाळून ठेवल्यासारखी. तिनं तापमापक बोटभर आत रोवला, माझ्या सावलीचा उपयोग करून घ्यायला नकार देऊन मला बाजूला केलं, पाच मिनिटं घड्याळ पाहिलं आणि खाली वाकून वाचलं. चौतीस. वहीत लिहिलं, वेळही लिहिली. मी म्हटलं, चौतीस? आमच्याकडं चौतीसला लोक खिडक्या उघडतात. ती हसली. खूश होती. अर्धं काम झालं होतं.

आणि मग सूर्य खाली गेला.

मला आजही असं वाटतं, की त्यांनी कुठंतरी बटण दाबलं. सूर्य रेतीला टेकला तेव्हा मी कुर्त्याची बाही वर करून चहा पीत होतो. चहा संपला तेव्हा बाही खाली होती. दुसरा कप मागवला तो प्यायला नाही, धरायला. लोक तंबूतून बाहेर येऊ लागले ते शाली, कोट, लोकरी मोजे घालून. एक गोरं जोडपं होतं, ते तर हिमालयात निघाल्यासारखं. बायको आत गेली आणि मला कळलं की ती आता सुटकेस उघडेल.

"थैली कुठाय?"

मी खरं सांगू शकलो असतो. तोंड उघडलं तेही त्याच इराद्यानं. पण बत्तीस वर्षं ज्या खुर्चीवर बसलो तिथं फाइल सापडली नाही की तोंड आपोआप चालतं. मी म्हटलं, "गाडीतच राह्यली वाटते."

ती पलंगावर बसली. हंस तिच्या बाजूला. म्हणाली, स्वेटर गेला. एवढंच. मग हळूच म्हणाली की आता पहाटे कसं जायचं. तिला थंडीत दम लागतो. डॉक्टरांनी बजावलं आहे, छाती उघडी ठेवून गार हवेत जायचं नाही. थैली नसेल तर पहाट नाही, आणि पहाट नसेल तर फळ्यावर एकच आकडा. एका आकड्यानं काही सिद्ध होत नाही, हे सहावीच्या पोरांनाही माहीत.

मला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही, उठली आणि मॅनेजरकडं गेली. शिक्षकांचा तक्रार अर्जावर फार विश्वास असतो. मॅनेजरनं ऐकून घेतलं आणि त्याच्या चेहऱ्यावर आमच्या थैलीचं असं दुःख पसरलं की मला शरम वाटली. त्यानं वही काढली. थैलीचा रंग? डब्यात कुठं ठेवली होती? वर काय छापलं होतं? बायकोनं माझ्याकडं पाहिलं, कारण सामान मी ठेवलं होतं. म्हणून दिवाणाखाली व्यवस्थित असलेल्या थैलीचं वर्णन मी माझ्या नागपुरी हिंदीत, हात करून, करून दिलं. सफेद थैली, ऊपर कपास का बोंड है जी, इत्ता बडा. खिडकी के बाजू में रखा था. मॅनेजरनं बोंडाचं चित्रही काढून घेतलं. म्हणाला, हुकुम, माझा मेव्हणा रेल्वेत आहे, थैली सापडल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही. मी म्हटलं एवढा त्रास कशाला. तो म्हणाला, हा त्रास नाही, धर्म आहे.

शेकोटीपाशी गाणं-बजावणं होतं. आम्ही अर्ध्यातून उठून आलो, तिला खोकला लागला होता. तंबूत कोपऱ्यात हीटर होता आणि दुलई अशी, की आत शिरलं की माणूस सापडू नये. तिला दुलईत घालून मी म्हटलं, पहाटे मी जातो. तू सांग कसं मोजायचं.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं ती शाळेच्या सहलीत सगळ्यात खोडकर पोराच्या हाती फर्स्ट एडचा डबा देताना पाहत असेल. पण दुसरा मार्ग नव्हता. तिनं तीनदा समजावलं. बोटभर आत रोवजा. पाच मिनटं थांबजा. "अन् तिथंच वाकून पाहजा. तिथंच. समजलं?" मी म्हटलं, अवं, घरात पोराचा ताप कोण पाहत होतं? मीच ना. थर्मामीटर काय मला नवीन आहे?

माझ्यावर कुणी विश्वास ठेवल्याची ही शेवटची वेळ.

साडेसहाला अंगात तीन सुती सदरे घालून, डोक्याला दुपट्टा बांधून मी बाहेर पडलो. ती झोपेतून म्हणाली, सांभाळून. बाहेर जे होतं त्याला थंडी म्हणणं कमी होतं. नाकाचा शेंडा गेला असं वाटलं, हात लावून पाहिला तर होता. टेकडी न चढता पायथ्याशीच गेलो, नळीतून तापमापक काढला आणि पहिली गोष्ट काय केली, तर तो झटकला. चार-पाच वेळा, मनगटानं, डॉक्टर झटकतात तसा. मग रोवला. पाच मिनिटं जागच्या जागी उड्या मारल्या. वाकून पाहिलं तर आकडे दिसेनात, चष्मा तंबूत राहिला होता. मला त्याची मुळीच काळजी वाटली नाही. ताप एकदा चढला की झटकेपर्यंत उतरत नाही, हे घरोघरच्या आईबापांना माहीत आहे. मी तापमापक मुठीत धरून, नाही, बगलेत धरून, कारण बोटं काम करत नव्हती, धावत तंबूत आलो, चष्मा शोधला, हीटरजवळ बसलो आणि वाचलं.

"तेवीस," मी जाहीर केलं.

दुलईतून फक्त डोळे बाहेर आले. "तेवीस?"

मी म्हटलं तेवीस, पक्के. पाहिजे तर बघ. ती उठून बसली. तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या मागच्या हीटरकडं पाहिलं, तापमापकाकडं पाहिलं. आम्ही दोघंही पाहत असताना तो चोवीस झाला.

मग तिनं मला, शांतपणे, ताप मोजायचा तापमापक आणि हवेचा तापमापक यांतला फरक सांगितला. ताप मोजायचा जिथला ताप तिथं थांबून राहतो. हा जिथं जाईल तिथलाच होतो. तो झटकतात, हा झटकत नाहीत. आणि शेवटी म्हणाली, "तीस वर्षं लोकायची पोरं शिकवली. घरातलं एकच राह्यलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं वही उघडली, 'तेवीस' लिहिलं, त्यापुढं 'तंबू' असं लिहिलं आणि वही मिटली.

त्या दिवशी नाश्त्याला आम्ही मोठ्या तंबूच्या दाराशी बसलो होतो. मी ऊन खात होतो आणि एक रात्र अजून आहे, असं मनाशी म्हणत होतो. इतक्यात बायकोचा फोन वाजला. घराची किल्ली आम्ही शेजारच्या काकूंकडं ठेवली होती, तुळशीला पाणी घालायला. बायकोच्या हाताला तूप लागलं होतं, म्हणून तिनं कोपरानं फोन दाबून स्पीकरवर टाकला. आणि नेमका त्याच वेळी मॅनेजर वहीसकट आमच्या टेबलाशी आला होता. त्याच्या मेव्हण्यानं दोन स्टेशनांवर चौकशी केली होती, तिसऱ्यावर माणूस पाठवला होता, हे सांगायला.

फोनमधून काकू म्हणाल्या, "ताई, तुमची गरम कपड्याची थैली इथंच राह्यली न वो. दिवाणाखाली, पार कोपऱ्यात. मांजर पिल्लं घालून बसली काय म्हणून वाकून पाह्यलं, तं बोंड दिसलं. काऊन तिथं ठेवली वो? उंदीर लागन न."

मॅनेजरला मराठी येत नव्हती. पण 'बोंड' त्याला आदल्या संध्याकाळपासून येत होतं. त्यानं हळूच वही मिटली.

मग मी सांगितलं. दोघांना, दोन भाषांत. त्यातही मी जरा सुरुवात 'नजरचुकीनं' अशी केली, पण बायकोनं तूप लागलेलं बोट वर केलं तेव्हा सगळं सरळ सांगितलं. थैलीची लाज वाटली, म्हणून. मॅनेजरनं ऐकलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, हुकुम, आमच्या घरी पण बाजरीच्या पोत्याच्या थैल्या आहेत, आम्ही पाहुणे आले की पलंगाखाली लोटतो. मेव्हण्याला फोन करायला तो बाहेर गेला. परत येताना त्यानं मला हुकुम म्हटलं नाही, भाईसाहब म्हटलं. मला ते जास्त बरं वाटलं.

बायको दुपारभर बोलली नाही. हा पहिला प्रकार. तिनं फक्त एकदा, बॅगेत वही ठेवताना, स्वतःशी बोलल्यासारखं म्हटलं, "मले तं वाटलं स्वेटर गेला." आणि तेव्हा मला कळलं की मी कालची रात्र तिला काय करायला लावली. थंडी तर होतीच. पण ज्या स्वेटरचा शोक तिनं केला तो स्वेटर आमच्या घरी दिवाणाखाली सुखात होता.

चार वाजता ती उठली आणि एकटीच स्वयंपाकघराच्या मागं गेली, जिथं उंटवाले बसतात. मी लांबून पाहत होतो. साठीचा एक उंटवाला, पांढरी दाढी. ती त्याच्याशी हात हलवून बोलली, जमिनीकडं बोट दाखवलं, छातीकडं दाखवलं, वर टेकडीकडं दाखवलं. जी गोष्ट मी लाजेनं कालपासून कुणाकडं मागितली नव्हती ती तिनं पाच मिनिटांत मागितली. तो उठला, उंटाच्या पाठीवरून जाड काळपट कंबल काढला, झटकला आणि तिला दिला. झटकल्यावर जो वास पसरला त्यानं उंटानंही मान फिरवली.

मी विचारलं, मला काही?

"तुमी तं वर्ध्याचे," ती म्हणाली. "तुमाले कायची थंडी?"

दुसऱ्या पहाटे मी होतं-नव्हतं ते सगळं अंगावर घातलं. सहा सदरे, दोन पायजमे, त्यावर दुपट्टा डोक्यापासून कमरेपर्यंत. दार उघडलं तर ते गोरं जोडपं बाहेर उभं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं आणि हात जोडून माझा फोटो मागितला. मी दिला. त्यांच्या देशात कुठल्या तरी भिंतीवर मी आज वाळवंटातला जुना रहिवासी म्हणून लटकत असेन.

बायको उंटाच्या कंबलात नाकापर्यंत गुंडाळलेली. माझा चष्मा तिनं स्वतः सुताच्या दोऱ्यानं माझ्या गळ्यात बांधला होता. मी म्हटलं, पायथ्याशीच मोजू. रेती ती रेतीच. तिनं मानेनंच नाही म्हटलं. पायथ्याशी रात्रभर शेकोटी होती, लोकांची ये-जा होती. आणि तिनं वर्गात टेकडी म्हटलं होतं.

रेतीवर चढणं म्हणजे दोन पावलं वर, एक खाली. तिसाव्या पावलाला तिचा श्वास वाजू लागला. ती थांबली, मी थांबलो. पुन्हा चढली. मी तिच्या मागं, हात तिच्या पाठीला लावून, आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवून. अर्ध्यावर ती खाली बसली. श्वास शिट्टीसारखा येत होता. पूर्वेला आकाश पिवळं पडत चाललं होतं, आणि सूर्य आला की मोजण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, चल परत. आकड्यापेक्षा तू मोठी. तिनं माझ्याकडं तापमापकाची नळी सरकवली. मला वाटलं मला म्हणतेय तुमी जा. मी नळी घेतली आणि मला ते तेवीस आठवलं. नळी तिच्या कंबलात परत खोचली, आणि म्हटलं, "पाच मिनटं बस. मग जाऊ. सूर्याले थांबाले सांगतो."

"तुमचं कोण आयकते," ती म्हणाली. पण बसली. श्वास हळूहळू खाली आला. मग उठली आणि उरलेली टेकडी आम्ही एका दमात नाही, सात दमांत चढलो.

वर वाऱ्यानं काढलेल्या रेघा होत्या, एकावरही पाऊल नव्हतं. तिनं तापमापक रोवला. पाच मिनिटं आम्ही दोघं त्या काचेच्या काडीकडं पाहत बसलो. मग ती म्हणाली, "वाचा."

मी म्हटलं, मी?

"साक्षीदार पाह्यजे. तिथंच वाका. हात लावू नका. श्वास सोडू नका त्याच्यावर."

मी चष्मा लावला, श्वास धरून वाकलो. पारा एवढा खाली होता की मी आधी चुकीच्या टोकाला पाहत होतो. चार. मी चार म्हटलं. तिनं स्वतः वाकून पाहिलं, वहीत लिहिलं, वेळ लिहिली आणि पुढं 'टेकडी' लिहिलं. मग तिनं चपला काढल्या, निवांत उभी राहिली आणि मलाही काढायला लावल्या. मी अनवाणी त्या रेतीवर उभा राहिलो. आमच्याकडं मे महिन्यात रस्त्यावर पाय ठेवला की जसं तळवे उचलून नाचतो, अगदी तसाच नाचलो, फक्त उलट कारणानं.

"आता सांगा," ती म्हणाली. "वाळवंटात रात्री थंडी काऊन वाजते?"

"बायकोनं बांधलेली थैली नवरा दिवाणाखाली सरकवते म्हणून," मी म्हटलं.

ती हसली ती खोकला येईपर्यंत हसली. आणि त्या हसण्या-खोकण्यात सूर्य येऊन गेला, म्हणजे पूर्ण वर येऊन बसला होता तेव्हा आमचं लक्ष गेलं.

खाली उंटवाला बाजरीची भाकर फडक्यातून सोडून खायला बसला होता. कंबल परत करताना माझ्याकडं द्यायला काही नव्हतं. खिसे चाचपले, सहाव्या सदऱ्यात कांदे निघाले. त्यानं एक घेतला, दगडावर ठेवला आणि बुक्कीनं फोडला. अगदी आमच्यासारखा. अर्धा मला दिला. लूपासून वाचवायला नेलेला कांदा मी वाळवंटात थंडीनं दात वाजवत खाल्ला.

सोमवारी फळ्यावर आकडे लिहिले गेले. दोन नाही, तीन. चौतीस, चार आणि मध्ये तेवीस. तापमापक जागेवरच का वाचायचा, याचं उदाहरण तिला हवं होतं आणि माझ्यापेक्षा चांगलं उदाहरण जिल्ह्यात नव्हतं. तिनं नाव घेतलं नाही म्हणे, 'आमच्या घरचे एक' असं म्हटलं. आमच्या घरी आम्ही दोघंच राहतो. आणि त्या वर्गातल्या दोघांच्या मावश्या नाचणगावात राहतात.

ती पहिल्या बाकावरची मुलगी काय म्हणाली, हे मी बायकोला त्या संध्याकाळी लगेच विचारलं. तिनं म्हणे आधी गणित केलं. चौतीसातून चार वजा केले, वहीत तीस लिहिलं, आणि मधल्या सुट्टीत मॅडमजवळ येऊन हळूच विचारलं, की पाय किती वेळ ठेवता आला. बायकोनं सांगितलं, स्वतःचा बराच वेळ, दुसऱ्याचा कमी. मुलीनं मान हलवली. ते तिला पटलं.